डनलॉप यांचा जाड टायर आणि तुमच्या गाडीचा ऑफसेट

थार, जिमनी किंवा जुनी जिप्सी घेतली की पहिल्या महिन्यातच एक प्रश्न हमखास येतो: रुंद अलॉय आणि मोठे टायर टाकायचेत, कोणता साईज घेऊ, ऑफसेट किती ठेवू? मी जळकोटचा. (लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट नाही, आमचं तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं, नळदुर्गच्या पुढचं.) आमच्याकडे हायवे सोडून शेताच्या वाटेला लागलात की काळी माती सुरू होते, आणि पावसाळ्यात ती माती तुमच्या गाडीची खरी परीक्षा घेते. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी नुसत्या तक्त्यात देत नाही, एका माणसाच्या आयुष्यातून देतो. कारण जाड टायर आणला आणि तो गाडीत बसेना, ही अडचण त्या माणसाला 1888 मध्येच आली होती.

त्यांचं नाव जॉन बॉइड डनलॉप. आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीला कित्येक ठिकाणी डनलॉप गाडी म्हणतात, ते याच नावावरून. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, ही जुनी गाडी. आणि हवेचे टायर लावले की ती डनलॉप. नाव घराघरात पोचलं, माणूस मात्र कुणाला फारसा माहीत नाही.

डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. शिक्षण जनावरांच्या डॉक्टरकीचं, एडिंबरामध्ये. म्हणजे टायरच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव हे इंजिनिअरचं नाहीच, घोड्यांच्या डॉक्टरचं आहे! 1867 मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टला त्यांचा दवाखाना चांगला मोठा झाला. कामासाठी लागणाऱ्या रबराच्या वस्तू ते स्वतः बनवत, त्यामुळे रबर कसं ताणतं, कसं चिकटतं हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

1887 मध्ये त्यांचा मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती, तिच्या चाकांना भरीव रबर, आणि बेलफास्टचे रस्ते दगडी. पोराला धक्के बसायचे. डनलॉप यांनी एक लाकडी गोल तबकडी घेतली, तिच्या कडेला पातळ रबराची नळी बसवली, वरून कापड ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग घरामागच्या अंगणात आधी सायकलचं जुनं चाक ढकललं, नंतर हे नवं. जुनं चाक अर्ध्या वाटेत कलंडलं. हवेचं चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथल्या खांबाला धडकून परत उसळलं. ना यंत्र, ना मोजमाप, पण फरक डोळ्यांना दिसला.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण आपला सगळा विषय यातच आहे. भरीव चाक खड्ड्यात आपटलं की पूर्ण चाक आणि त्यावरचा भार वर उचलला जातो, आणि त्यात वेग वाया जातो. हवेचा टायर खडा स्वतःच्या पोटात घेतो. म्हणूनच आपण ऑफरोडला हवा कमी करतो. रस्त्यावर 28–30 पीएसआय असेल तर वाळूत किंवा चिखलात 18 च्या आसपास. टायर पसरतो, जमिनीला लागणारा पट्टा लांब होतो, पकड वाढते. (परत डांबरीवर येताना हवा भरायची, नाहीतर टायर तापतो.)

जुलै 1888 मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला, 7 डिसेंबर 1888 ला ते मंजूर झालं. आणि आता ती अडचण. त्या काळच्या सायकलींचे टायर बारीक असत, त्यामुळे पुढचा फोर्कही अरुंद. डनलॉप यांचा टायर जाडजूड. तो जुन्या फोर्कमध्ये जाईचना! शेवटी बेलफास्टच्या एडलिन नावाच्या सायकल बनवणाऱ्यांनी या टायरसाठी रुंद फ्रेमच्या वेगळ्या सायकली बांधल्या.

आपण मात्र उलटं करतो. टायर आधी घेतो आणि जागा नंतर शोधतो.

जिमनीचंच उदाहरण घेऊ. कंपनीचा टायर 195/80 आर15. म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 15 इंच. हिशोब केला तर पूर्ण व्यास 693 मिलिमीटर येतो. आता लोकांना आवडतो तो 235/75 आर15: व्यास 733.5. म्हणजे गाडी 20 मिलिमीटर उंच होते, हे झालं सुख. पण टायर वरही 20 मिलिमीटर जातो, पुढे-मागेही तेवढाच, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर बंपर किंवा आतल्या प्लास्टिकला घासायला लागतो. शिवाय चाकाचा घेर 5.8 टक्के वाढल्यामुळे मीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 84–85 ने पळत असेल, पिकअप मंद होईल आणि ब्रेकला जास्त ताकद लागेल. माझं मत विचाराल तर सस्पेन्शन न बदलता 215/75 आर15 वर थांबा. व्यास 703.5, साधारण दीड टक्काच फरक.

आता ऑफसेट. चाकाच्या रुंदीच्या मधोमध एक रेघ कल्पा. हबला जिथे चाक टेकतं तो पृष्ठभाग या रेघेपासून किती लांब, ते ऑफसेट. रिमवर ईटी असं लिहिलेलं असतं. तो पृष्ठभाग बाहेरच्या अंगाला असेल तर प्लस, आणि चाक गाडीच्या आत जातं. आतल्या अंगाला असेल तर मायनस, चाक बाहेर येतं. जिमनीचं मूळ रिम साडेपाच इंची, ऑफसेट प्लस 5. त्याजागी 7 इंची, शून्य ऑफसेटचं रिम लावलं तर? रुंदी 38 मिलिमीटरने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना 19. ऑफसेट 5 ने कमी झाला, म्हणजे चाक 5 बाहेर सरकलं. बाहेरची कड 24 मिलिमीटर बाहेर आली, आतली 14 मिलिमीटर आत गेली. हे दोन आकडे कागदावर काढल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

मायनस 25 वगैरे ऑफसेट फोटोत भारी दिसतो, कबूल. पण चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर भार जास्त, आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला तितकाच जोरात झटका देतं. मडगार्डबाहेर आलेला टायर चिखल थेट दारावर आणि मागच्यावर फेकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पण लक्षात ठेवा, गाडीतले बदल त्यात येतात. आणि आमच्या काळ्या मातीची खास गोष्ट: ती टायरला थराथराने चिकटते. घरी अंगणात घासत नाही म्हणून जो टायर पास केला, तो ओल्या रानात दोनशे फुटांत मडगार्डशी गच्च होतो. म्हणून बोटभर नव्हे, मूठभर जागा सोडा.

परत बेलफास्टला. मे 1889 मध्ये क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकल शर्यती होत्या. विली ह्यूम हा स्पर्धक हवेचे टायर लावून आला. लोक त्या जाड्या टायरला हसले, आणि ह्यूमने उतरला त्या चारही शर्यती जिंकल्या. हरलेल्यांत डब्लिनचे कागदाचे व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांची मुलं होती. बापाने धंदा ओळखला आणि त्याच वर्षी कंपनी उभी केली. डनलॉप यांनी हक्क दिले, बदल्यात 1,500 शेअर घेतले.

मग 1890 मध्ये कळलं की पेटंट टिकणारं नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हवेचं चाक 1845 मध्येच पेटंट करून ठेवलं होतं! तेव्हा सायकलीच नव्हत्या, त्यामुळे जग ते विसरलं होतं. डनलॉप यांना थॉमसनची कल्पना माहीत नव्हती, असंच मानलं जातं. पण कायद्याला त्याचं काय?

कंपनी वाचली ती दुसऱ्याच दोन पेटंटांवर. डनलॉप यांचा टायर रिमला चिकटवून गुंडाळलेला असे, पंक्चर काढायला तासन् तास जात. 1890 मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घातली आणि रिमला मध्ये खोलगट केलं. विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या ओठात अडकणारी कड काढली. ड्यू क्रॉस यांनी दोन्ही हक्क विकत घेतले. तुमच्या पंक्चरवाल्याचं काम सोपं झालं ते वेल्चमुळे. आजही टायरच्या कडेत तार असते आणि रिम मध्ये खोलगट. हवा फार कमी केली की टायर रिमवरून सुटतो तो या कडेवरूनच, म्हणून बीडलॉक नसेल तर 15 पीएसआयच्या खाली जाऊ नका.

1895 मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी 30 लाख पौंडांना विकली गेली. त्यांच्या वाट्याला त्या मानाने फार काही आलं नाही. डब्लिनमध्ये एका कापडाच्या व्यवसायात भागीदारी, एवढंच. 1936 मध्ये हुगळीकाठी साहागंजला त्यांच्या नावाचा कारखाना निघाला, तो पाहायला ते नव्हते.

शेवटचं भांडण नावाचं नव्हतं, चेहऱ्याचं होतं. कंपनीने जाहिरातीत त्यांचं चित्र नटव्या, हास्यास्पद पोशाखात छापलं. साधं राहणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या माणसाने आपल्याच नावाच्या कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. खटला आयर्लंडमध्ये चालवता येणार नाही, असं इंग्लंडमधल्या कंपनीचं म्हणणं. तो मुद्दा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि तिथे डनलॉप यांच्या बाजूने लागला. 23 ऑक्टोबर 1921 ला ते डब्लिनमध्ये वारले. हवेच्या टायरची हकीकत त्यांनी लिहून ठेवली होती. ती त्यांच्या मुलीने नंतर पुस्तकरूपाने छापली.