आगगाडींतील सोबती : रेव्ह. नारायण वामन टिळक

भंडारा जिल्ह्यांतील आमच्या वाचकांपैकीं असा विरळाच कोणी असेल कीं, जो वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर किंवा तुमसर रोडवर कधीं गाडींत चढला नाहीं. कोणी नागपुरास दवाखान्यांत जातो, कोणी गोंदियाकडे सोयरिकीसाठीं जातो, कोणी मजुरीसाठीं दूर देशीं जातो. बाकावर आपल्या शेजारीं कोण बसावें, हें आपल्या हातीं नसतें. आणि पुष्कळ वेळां तर आपण त्या शेजाऱ्याकडे नीट पाहतहि नाहीं. परंतु याच लोहमार्गावर १८९३ सालीं दोन अनोळखी माणसें एका डब्यांत एकत्र बसलीं, आणि त्या प्रवासांतून महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळीला तिचा थोर कवि मिळाला. त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहों.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें ब्राह्मण कुळांत झाला. आई जानकीबाई भाविक होती व तिला काव्याची आवड होती. वडिलांचा स्वभाव मात्र कठोर होता. आई लवकरच वारली, आणि नारायणानें घर सोडून नाशिकची वाट धरली. तेथें हाल सोशीत त्यानें संस्कृत विद्या संपादिली व तो कविता करूं लागला. गोखले यांच्या घरची मनकर्णिका हिच्याशीं त्याचा विवाह झाला. तीच पुढें लक्ष्मीबाई टिळक या नांवानें प्रसिद्ध झाली. टिळक उदार, पण शीघ्रकोपी होते. एका ठिकाणीं फार दिवस राहणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. तथापि या भटकण्याच्या मुळाशीं पोटाची चिंता होती तशीच मनाची तळमळहि होती. देशबांधवांना वर उचलील, जातिभेदाच्या भिंती पाडील, असा धर्म कोठें आहे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देत नव्हता.

नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांनीं कांहीं काळ संस्कृत ग्रंथांचें काम केलें. त्यानंतर राजनांदगांव संस्थानांत नोकरी मिळाली, म्हणून ते तिकडे निघाले. बंगाल नागपूर रेल्वेची ती गाडी नागपूर सोडल्यावर आपल्याच जिल्ह्यांतून जाते. धानाच्या बांध्या आणि तलाव मागें टाकीत ती वैनगंगेचा पूल ओलांडते, पुढें गोंदिया लागतें, आणि दरेकसाच्या रानांतून ती डोंगरगडाकडे वळते. गोंदिया त्या काळीं भंडारा जिल्ह्यांतच होतें. तो जिल्हा वेगळा झाला तो १९९९ सालीं.

टिळक डब्यांत शिरले तेव्हां आंत एक गोरा प्रवासी बसला होता. त्या काळीं गोऱ्या माणसानें हिंदी प्रवाशाला डब्यांतून हुसकून लावणें ही नवलाची गोष्ट नव्हती, आणि टिळकांनाहि तसाच अनुभव येईल असें वाटलें. परंतु या गृहस्थानें आदरानें त्यांना जागा करून दिली. तो अमेरिकेच्या फ्री मेथडिस्ट मिशनाचा मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड होता, असें त्यांच्या चरित्रांत आढळतें. प्रथम बोलणें निघालें तें संस्कृत काव्याविषयीं. आपल्या सोबत्याला ज्याची गोडी आहे तें त्यानें आधीं ऐकून घेतलें. मग हळूहळू ख्रिस्ताची गोष्ट निघाली. उतरण्यापूर्वीं त्यानें टिळकांना नवा करार दिला, तो वाचण्याची विनंति केली, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेंहि तो बोलला. टिळकांना हें बोलणें धाडसाचें वाटलें. तरी पुस्तक वाचीन असें वचन त्यांनीं दिलें.

बंधुभगिनींनो, येथें क्षणभर थांबूं. त्या प्रवाशानें त्या दिवशीं काय काय केलें नाहीं, हेंहि आपण पाहिलें पाहिजे. त्यानें हिंदु धर्माची निंदा केली नाहीं, वाद घातला नाहीं, कसलें आमिष दाखविलें नाहीं. त्यानें जागा दिली, कान दिला, आपल्या विश्वासाविषयीं उघडपणें सांगितलें, आणि पुस्तक हातीं ठेविलें. बाकीचें त्यानें वाचणाऱ्यावर व देवावर सोंपविलें.

पुस्तक टिळकांना आरंभीं रुचलें नाहीं. पण दिलेलें वचन मोडावयाचें नाहीं, म्हणून ते वाचीत गेले. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचन आलें, आणि तेथें मात्र त्यांचें मन खिळून राहिलें. शत्रूवर प्रीति करावी, दीन ते धन्य, या शिकवणींत आपण इतकीं वर्षें जें शोधीत होतों तें सांपडलें, असें त्यांना वाटलें. पुढें मुंबईच्या अमेरिकन मिशनाचे डॉक्टर ॲबट यांच्याशीं त्यांचा संबंध आला. अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि तोहि आपल्याच देशांतील पाळक रेव्ह. तुकाराम नाथोजी यांच्या हातून.

यापुढील भाग आम्ही गाळला तर तें खरें चरित्र होणार नाहीं. ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानीं गेली तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. नवरा जिवंत असतां संसार मोडला. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना आप्तांच्या आश्रयानें सुमारें चार वर्षें काढावीं लागलीं. टिळकांच्याहि जिवाची तगमग होत होती. साक्ष देणाऱ्या प्रत्येकानें हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. आपण दोन शब्द बोलून गाडींतून उतरून जातों. पण ऐकणाऱ्याला कधीं कधीं घरदार, आईबाप, बायकोमुलें यांच्याशीं ताटातूट सोसावी लागते. म्हणून हलक्या मनानें साक्ष देऊं नये, आणि नव्या भावाबहिणीला त्या संकटांत एकटें टाकूं नये.

लक्ष्मीबाई पुढें अहमदनगरास पतीकडे आल्या, त्या आपला धर्म व सोंवळें संभाळूनच आल्या. त्या आपला स्वयंपाक वेगळा करीत. टिळकांनीं जबरदस्ती केली नाहीं. माणसामाणसांत विटाळ देवानें घातलेला नाहीं, हें त्यांना हळूहळू स्वतःच पटलें, आणि १९०० सालीं त्यांनीं दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. ज्या पुस्तकामुळें त्यांचें घर मोडलें होतें, त्याच पुस्तकाच्या कथेवर टिळकांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें असतां, तें पुढें नेण्याचें काम लक्ष्मीबाईंनींच केलें.

टिळक अहमदनगरच्या धर्मशिक्षणशाळेंत शिकवीत. १९०४ सालीं त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू ते संभाळूं लागले. परंतु खेड्यांतील मंडळीला ते अधिक ठाऊक आहेत ते त्यांच्या भजनांमुळें. ख्रिस्त हा परदेशी पाहुणा आहे, असें आपल्या लोकांना वाटूं नये, म्हणून त्यांनीं अभंग, ओवी व कीर्तन यांतून त्याचें गुणगान केलें. ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्याविषयींचा आदर त्यांनीं कधीं टाकला नाहीं. १९१७ सालीं मिशनाचें वेतन सोडून त्यांनीं सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. तेथें बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, ज्यांना ख्रिस्त प्रिय आहे अशा सर्वांस जागा होती. आगगाडींत एका परक्यानें त्यांना दिलेली जागा आतां ते इतरांस देत होते. ९ मे १९१९ रोजीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्यांचें देहावसान झालें.

आपल्या भागांत धानाचे परे टाकणारा कित्येकदां एक असतो, रोवणी करणाऱ्या बाया दुसऱ्या, आणि कापणीला येणारे तिसरेच. वॉर्ड साहेबांनीं त्या दिवशीं टिळकांना बाप्तिस्मा दिला नाहीं, आणि त्यांच्या भजनांनीं भरलेल्या मंडळ्याहि त्या डब्यांतून त्यांना दिसल्या नसतील. त्यांच्या वांट्याला आली होती ती प्रवासाची थोडी वेळ, आणि ती त्यांनीं वाया दवडली नाहीं.

उपदेशक बंधूंनो, मंडळींतील मायबहिणींनो, आठवड्याच्या बाजारांत, दवाखान्याच्या ओट्यावर, रोवणीच्या बांधीवर किंवा गाडीच्या बाकावर असे सोबती आपणांसहि भेटतील. आपल्यापाशीं संस्कृत काव्याचें ज्ञान नसेल. पण सरकून जागा देणें, समोरच्याचें सुखदुःख ऐकून घेणें, आणि त्यानें विचारलें असतां आपल्या आशेचें कारण नम्रतेनें व खरेपणानें सांगणें, इतकें तर आपणांस येतें. त्यानें ऐकलें तर देवाचे आभार मानावे. न ऐकलें तरी तो आपला शेजारीच आहे. पुढल्या वेळीं गाडीनें वैनगंगेचा पूल ओलांडतांना त्या दोन प्रवाशांची आठवण करावी, आणि बाकावर आपल्या शेजारीं कोण बसलें आहे तें पाहावें.