दुपंखी विमानांचे पोलिकार्पोव

वाचकहो, फाशीच्या छायेत बसून ज्यांनी लढाऊ विमान तयार केले, अशा एका माणसाची ओळख आज आम्ही करून देत आहोत. त्यांचे नाव निकोलाय पोलिकार्पोव.

१८९२ साली रशियातील ओर्योल प्रांतात, लिव्नी गावाजवळच्या एका खेड्यात, पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलाने बापाचा वारसा चालवावा म्हणून त्यांना धर्मविद्यालयात घातले. पण त्यांचा ओढा यंत्रांकडे. सेंट पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निकमधून ते १९१६ साली उत्तीर्ण झाले आणि सिकोर्स्की यांच्या हाताखाली लागले. क्रांतीनंतर सिकोर्स्की देश सोडून गेले, हे राहिले.

१९२९ च्या ऑक्टोबरात सरकारने त्यांना घातपाताच्या आरोपावरून पकडले. देहांताची शिक्षा झाली. पण सरकारला विमानेही हवीच होती! तेव्हा मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात कैदी इंजिनियरांचे एक कार्यालयच थाटले गेले. तेथे ग्रिगोरोविच यांच्याबरोबर त्यांनी आय-५ हे दुपंखी विमान आखले आणि १९३० च्या एप्रिलात ते उडालेसुद्धा. मृत्यू डोक्यावर असताना त्यांचा हात स्थिर कसा राहिला असेल, याचे आम्हांला नवल वाटते. १९३१ साली त्यांची सुटका झाली.

दुपंखी विमान म्हणजे एकावर एक दोन पंख, मध्ये खांब आणि ताणलेल्या तारा. पंख आखूड असूनही हवेला टेकायला जागा भरपूर, म्हणून ते चटकन वळते. मात्र त्याच खांबांना आणि तारांना वारा अडतो नि वेग मारला जातो. पोलिकार्पोव यांचे आय-१५ हे १९३३ साली उडाले. त्याला चार मशीनगन होत्या, आणि सुमारे आठ सेकंदांत ते पूर्ण वळसा घेई. १९३६ पासून स्पेनच्या यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले. तेथील लोक त्याला लाडाने ‘चातो’, म्हणजे नकटा, म्हणत.

दुपंखीचे दिवस सरत आले हे त्यांनाही कळत होते. त्याच १९३३ च्या अखेरीस त्यांचे एकपंखी आय-१६ उडाले. तरी चाके आत ओढून घेणारे आय-१५३ हे दुपंखी त्यांनी १९३८ साली काढले. १९३९ साली खाल्खिन गोलच्या लढाईत ते जपान्यांशी झुंजले. १९४१ साली जर्मनांच्या वेगापुढे मात्र ते उणे पडले.

१९३८ च्या डिसेंबरात त्यांचे नवे विमान तपासताना नामांकित वैमानिक च्कालोव ठार झाले आणि पोलिकार्पोव यांच्यावरची मर्जी उडाली. पुढच्याच वर्षी ते जर्मनीला गेले असता त्यांची काही माणसे आणि एक नवा आराखडा काढून मिकोयान यांना देण्यात आला. घरचा कर्ता बाहेर असताना वाटणी करावी, तसेच हे झाले.

३० जुलै १९४४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, कर्करोगाने ते वारले. त्यांच्यावरचा तो जुना ठपका १९५६ साली पुसला गेला.