मिरजेचे डॉ. वान्लेस



गिरणीत साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाला डोळ्यांची किंमत कुणी सांगावी लागत नाही. तुटलेला धागा वेळेवर दिसला नाही तर कापड वाया. नजर गेली की रोजी गेली. म्हणूनच मिरजेच्या डॉ. वान्लेस यांचं चरित्र आपल्या मुलांपुढं ठेवावंसं वाटतं.

विल्यम जेम्स वान्लेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्कला डॉक्टरी शिकून १८८९ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. आधी सांगलीत लहानसा दवाखाना काढला, मग मुक्काम मिरजेला हलवला. तिथं १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं.

ते सर्व तऱ्हेची ऑपरेशनं करीत, पण खेड्यापाड्यांत नाव झालं ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनानं. त्या काळी गावोगाव फिरणारे लोक सुईनं डोळ्यातलं भिंग आत ढकलून देत. थोडे दिवस दिसे, मग पुष्कळांचा डोळा कायमचा जाई. १८८४ पासून कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येऊ लागला होता. गढूळ झालेलं भिंग कापून बाहेर काढलं की पेशंटनं डोळ्यांवर पट्टी बांधून काही दिवस निपचित पडून राहायचं, नंतर जाड काचेचा चष्मा लावायचा. पण दिसायचं! हाताला धरून आणलेला म्हातारा स्वतःच्या पायांनी घरी गेला, यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

एवढ्या कीर्तीवर दुसरा कुणी सुखानं बसला असता. पण एका माणसाचे हात दोनच, आणि आंधळे तर गावोगाव! डॉक्टरांनी १८९७ मध्ये मिरजेत वैद्यकीय शाळा काढली, नर्सेसच्या शिक्षणाचीही सोय केली. इथं तयार झालेले विद्यार्थी दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत कामाला लागले. कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी आसरा उभा केला. १९२० मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. त्या वस्तीला वान्लेसवाडी हे नाव पडलं.

काही जण म्हणतील, तो तर मिशनरी, धर्मप्रसाराला आलेला. खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. पण हॉस्पिटलचं दार सर्व जातींना उघडं होतं, हेही तितकंच खरं. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांच्याशी स्नेह होता. कोल्हापुरात मेरीबाईंच्या नावाचं हॉस्पिटलही झालं.

१९२८ मध्ये सरकारनं त्यांना 'सर' किताब दिला. त्याच साली ते निवृत्त झाले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत वारले. पण लावलेलं झाड वाढत राहिलं. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, तेव्हा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पेशंटजवळ उभं राहून शिकायला वान्लेस हॉस्पिटलच उपयोगी पडलं. आपल्या नाशकात १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हापासून मिरजेच्या त्या कॉलेजची पदवीही इथूनच मिळते.

आपल्या देशात विद्या हजारो वर्षं कुलपात ठेवली गेली. तिची किल्ली कुणाच्या हाती होती, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. डॉ. वान्लेस यांनी आपल्या हातातली विद्या वाटून टाकली. आपली मुलं-मुली डॉक्टर होत आहेत, याचा अभिमान आहे. त्यांनी पेशंट जरूर बरे करावेत, पण आपल्यामागं दहा जण तयारही करावेत, एवढीच विनंती.

डॉ. वान्लेस यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!