हसूरचंपूचे डॉ. घाटगे: पहिलं विमान एकच बनलं, पण काम थांबलं नाही

१९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानं ग्वाल्हेरला थांबायची. कराचीहून यायची, अलाहाबाद, कोलकाता करत ऑस्ट्रेलियाकडे जायची. मुलूख शिंद्यांचा, पाणी इथलं, विमान मात्र इंग्रजांचं. देशात तेव्हा विमानाचा कारखानाच नव्हता. त्याच सुमारास गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत विमानशास्त्राची डॉक्टरेट मिळवून परतले होते.

घाटगेंचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. गटिंगेनला ते लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते, हे जगाला समजावून देणारे ते शास्त्रज्ञ.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. घाटगे तिथे गेले. महायुद्धाच्या काळात त्यांनी दहा आसनांचं, बिनइंजिनाचं जी-१ ग्लायडर तयार केलं. ते एकच बनलं. पुढे कारखाना अमेरिकी लष्कराच्या विमानांच्या दुरुस्तीतच गुंतला.

युद्धानंतर नव्या प्रवासी विमानांना दिवस कठीण होते. लष्कराने विकायला काढलेली डकोटा विमानं स्वस्तात मिळत होती. बंगळुरातच ती दुरुस्त होऊन प्रवाशांसाठी तयार व्हायची. इंग्लंडचं ब्रॅबेझॉन हे पंख्याचं अवाढव्य विमान १९४९ मध्ये उडालं खरं, पण गिऱ्हाईक न मिळाल्याने १९५३ मध्ये भंगारात गेलं.

घाटगेंनी हाती घेतलेलं विमान छोटं, पण गरजेचं होतं: शिकाऊ वैमानिकांसाठी दोन आसनांचं एचटी-२. ५ ऑगस्ट १९५१ ला ते उडालं. भारतात आराखडा होऊन कारखान्यात ओळीने बनलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान. दीडशेच्या वर बनली, बारा घानाला गेली.

१९५९ मध्ये उडालेल्या ‘कृषक’चंही सुरुवातीला जी-१ सारखंच झालं. नमुने तयार झाले, पण घेणारं कुणी नव्हतं. काही वर्षांनी सैन्याला टेहळणीसाठी तसंच विमान हवं होतं, तेव्हा तेच कामी आलं.

१९६५ मध्ये घाटगेंना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ ला ते गेले. सीमाभागातल्या एका गावचा मुलगा बंगळुरात जाऊन देशाला विमान बांधायला शिकवून गेला, हे इकडच्या पोरांना ठाऊक असायला हवं.