गोरगरिबांची पत उभी करणारे रायफायझेन

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे ठरले, त्या दिवशी मी सभेला जरा उशिरा पोहोचले. घरी पाहुणे होते, त्यांचे जेवणखाण आटोपून निघेपर्यंत चार वाजून गेले. तोवर जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई अशी सगळी नावे वाटली गेली होती व माझ्या वाट्याला कोणी उरलेच नव्हते. चिटणीस बाई म्हणाल्या की तुम्हांला हवे ते नाव तुम्हीच शोधा.

आमचे यजमान गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सचिव आहेत हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. सहकाराच्या शिक्षणवर्गाला ते गेले होते, तेव्हा मिळालेली पुस्तके फडताळात पडून असतात. दुपारच्या वेळी मी ती चाळू लागले आणि त्यांत एका जर्मन गृहस्थांची हकिकत सापडली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्या गृहस्थांचे नाव म्हणताना पहिल्या दिवशी जीभ अडखळली. फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन. परंतु वाचता वाचता असे वाटू लागले की, आपल्या बचत निधीवरून गेल्या दिवाळीपासून जी कुरबूर चालली आहे, तिचाच विचार या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. म्हणून त्यांचेच चरित्र द्यावयाचे ठरवले.

ज्या साली आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच साली, म्हणजे ३० मार्च १८१८ रोजी, रायफायझेन यांचा जन्म झाला. जर्मनीत ऱ्हाईन नावाची मोठी नदी आहे. तिच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड हा डोंगराळ, थंड मुलूख, आणि त्यात झीग नदीकाठी हाम हे त्यांचे गाव. नऊ भावंडांतले हे सातवे. वडिलांकडे काही काळ गावाचा कारभार होता, पण पुढे ते आजारी पडले व घराला ओढगस्त आली. सारा भार आईवर पडला. मुलगा हुशार, पण वरच्या शाळेत घालण्याइतके पैसे नाहीत. तेव्हा गावच्या धर्मगुरूंनी त्याला घरी बसवून शिकवले. सतराव्या वर्षी तो पलटणीत गेला, तोफखान्यात. तिथे त्याला डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ साली नोकरी सोडावी लागली. हा विकार त्यांना जन्मभर पुरला.

पलटणीतून ते सरकारी कचेरीत आले आणि १८४५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वायरबुश येथे कारभारी म्हणून नेमले गेले. आपल्याकडच्या सरपंचासारखे हे काम, पण गावाने निवडलेले नव्हे, सरकारने नेमलेले, आणि एका नव्हे तर वीसबावीस खेड्यांचे. त्याच साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव एमिली. माहेर औषधविक्याचे.

संसार मांडून वर्ष होते न होते तोच दुष्काळ आला. त्या मुलखातील गरिबांचे मुख्य अन्न म्हणजे बटाटा व राय नावाचे धान्य. बटाट्यावर कीड पडली, धान्यही बुडाले. १८४६-४७ चा तो हिवाळा फार वाईट गेला. सरकारने कोठारातून पीठ पाठवले खरे, पण रोख पैसे मोजील त्यालाच ते द्यावे असा हुकूम होता. ज्याच्या घरी पीठ नाही त्याच्या घरी रोकड कोठून असणार? रायफायझेन यांनी हुकूम बाजूला ठेवून पीठ उधारीवर वाटले. नोकरीतला नवा माणूस, घरी तान्हे मूल, आणि वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला. मग त्यांनी गावोगावच्या सधन मंडळींना गोळा करून पैसा उभा केला, त्यातून धान्य विकत आणले, गावात सार्वजनिक भट्टी बांधली व स्वस्त दराने पाव भाजून उधारीवर दिला. पुढे पेरणीसाठी बियाणेही आणून दिले. लोक त्यांना पाववाला कारभारी म्हणू लागले. शाळा व रस्तेही त्यांनी बांधवले, पण नाव राहिले ते पावाचे.

१८४८ साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. भुकेच्या मागे आणखी एक गोष्ट उभी आहे हे त्यांना इथे दिसले, आणि ते वाचताना मला माझे माहेर आठवले. त्या भागातला गरीब शेतकरी गाय घेई ती व्यापाऱ्याकडून उधारीवर. गाय असली तर दूध, शेण, ओढकाम, सगळेच चाले, म्हणून तो कोणत्याही अटीवर सही करी. एक-दोन हप्ते चुकले की व्यापारी गाय ओढून नेई, वासरूही नेई, आणि व्याजापोटी जमिनीचा तुकडाही जाई. माझ्या आजोबांच्या काळी आमच्याकडे हेच चाले, फक्त गाईच्या जागी बैलजोडी होती.

१ डिसेंबर १८४९ रोजी त्यांनी तिथे साठ सधन माणसांची एक मदत संस्था काढली. या साठांनी आपली मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढावयाचे, त्यातून संस्थेने गाय घेऊन शेतकऱ्याला द्यावयाची व त्याने ती पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडावयाची. पुढे गाईऐवजी रोख कर्जही देऊ लागले. पण घेणारे वेगळे आणि जामीन राहणारे वेगळे होते. ही खोट लगेच कळली नाही.

पुढे १८५२ मध्ये ते नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फला गेले व तिथे १८५४ साली आणखी मोठा पसारा मांडला. पोरक्या मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय, कर्ज, सगळे एकाच संस्थेत. पहिली एक-दोन वर्षे सधन मंडळी उत्साहाने आली. मग एकेक जण गळू लागला. ज्याला स्वतःला कधी कर्ज लागणार नाही, त्याने दुसऱ्याच्या कर्जापायी आपले घर किती दिवस गहाण ठेवावे? एकेक काम बंद पडत गेले आणि शेवटी कर्जाचे तेवढे उरले.

रायफायझेन श्रद्धाळू होते. श्रीमंताने गरिबाला हात द्यावा हे धर्मकर्तव्य आहे अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ती सोडावयास त्यांची दहा वर्षे गेली. मला त्यांचा हा भाग सर्वांत आवडला. आपले चुकले हे कळावयास वेळ लागला, पण कळल्यावर त्यांनी ते बदलले. १८६४ साली जुनी संस्था मोडून नवी पतसंस्था काढली व नियम केला की, ज्याला कर्ज हवे त्याने आधी सभासद व्हावे आणि सर्व सभासदांनी एकमेकांच्या देण्याला आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी बांधील राहावे. एकाचे बुडाले तर सर्वांनी भरावे. एकटादुकटा गरीब गेला तर सावकाराखेरीज कोणी दारात उभे करीत नाही, पण गावातील सारी घरे एकमेकांसाठी बांधली गेली तर बाहेरचा पैसेवाला विश्वासाने ठेव ठेवतो. जवळ सोने नसताना पत उभी राहिली ती अशी.

याला जोडून आणखी नियम होते. संस्था एका गावापुरती किंवा लगतच्या चार वाड्यांपुरती असावी, म्हणजे कोण कष्टाळू, कोण उधळ्या, कोणाच्या घरी दुखणे आहे हे सर्वांना माहीत असते. कर्ज धंद्याला द्यावे: गाय, बी, खत, हत्यार. फेडीची मुदत लांब असावी, कारण शेताचा पैसा शेताच्या वेळेलाच येतो. चालकांनी पगार घेऊ नये, फक्त हिशेबनिसाला मेहनताना द्यावा. नफा वाटून खाऊ नये, तो संस्थेच्या गंगाजळीत टाकावा. जर्मनीत शुल्ट्झे-डेलिच म्हणून दुसरे मोठे पुढारी होते. त्यांनी शहरातील कारागीर व दुकानदारांसाठी पतसंस्था काढल्या होत्या. प्रत्येक सभासदाने भाग विकत घेतलाच पाहिजे व मुदत थोडी असावी असे त्यांचे म्हणणे. यावरून दोघांत पुष्कळ वर्षे वाद चालला. मला वाटते शहरापुरते शुल्ट्झे यांचे खरे असेल, पण ज्याच्या हाती वर्षातून एकदाच पैसा येतो त्याने भागाची रक्कम आधी कोठून आणावी?

आता घरची गोष्ट सांगते. आपल्या निधीतून एका भगिनीने शिवणयंत्र व पिकोफॉलचे यंत्र घेण्यासाठी अठरा हजार रुपये उचलले. मी व आणखी एक, अशा दोघी जामीन राहिलो. सहा हप्ते नीट आले, मग पाच महिने काहीच नाही. नियमाप्रमाणे आम्ही दोघींनी भरले. मी तोंडाने बरेच बोलले, हळदीकुंकवाला तिच्या घरी गेले नाही, आणि दिवाळीच्या सभेत निधी बंद करावा असे पहिल्यांदा मीच म्हटले. तिच्या यजमानांचा पाय मोडून ते घरी बसले आहेत आणि ती रात्री दोन दोनपर्यंत ब्लाउज शिवते आहे, हे मला पुढे कळले. तिचे घर आमच्यापासून तिसरे. जामीन राहताना मी सही केली, पण नंतर एकदा उंबरा ओलांडून विचारले नाही. रायफायझेन यांनी संस्था एका गावापुरतीच ठेवा असे का म्हटले, ते मला त्यावरून कळले. शेजाऱ्याला शेजाऱ्याचे माहीत असते, या एकाच गोष्टीवर त्यांचा सगळा डोलारा उभा होता. ते माहीत करून घेतले नाही तर जामीन नुसता कागदावर राहतो.

पुन्हा चरित्राकडे वळते. १८६३ हे वर्ष त्यांना फार जड गेले. एमिलीबाई वारल्या. स्वतः त्यांना विषमज्वर झाला व डोळे आणखी गेले. १८६५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांना तुटपुंज्या पेन्शनीवर घरी बसवण्यात आले. घरात आईविना मुले. त्यांनी विड्यांचा, म्हणजे सिगारचा कारखाना काढून पाहिला, तो चालला नाही. मग द्राक्षमद्याचा व्यापार केला आणि त्यावर घर चालवले. दुसऱ्यांना धंद्याला उभे करणारा हा माणूस स्वतः धंद्यात एकदा आपटला होता, हे वाचून मला उगाच बरे वाटले.

त्यांची थोरली मुलगी अमाली, दुष्काळाच्या साली जन्मलेली. आई गेली तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. वडिलांना वाचता येईना, लिहिता येईना. येणारी पत्रे ती वाचून दाखवी, उत्तरे ते तोंडाने सांगत व ती लिही. गावोगावच्या संस्थांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे तिच्या हातून गेला. १८६६ साली रायफायझेन यांनी पतसंस्था कशी काढावी व चालवावी यावर पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या आणि ते वाचून दूरदूरच्या गावांनी संस्था काढल्या. वडिलांनी पुढे दुसरे लग्न केले. अमालीने लग्न केले नाही. यजमानांच्या पुस्तकात तिच्यावर अवघ्या चार ओळी आहेत. मी त्या दोनदा वाचल्या व पुढचे पान उलटून आणखी काही आहे का ते पाहिले. नव्हते.

पतसंस्थांबरोबर सामाईक खरेदीही सुरू झाली: बी, खत, कोळसा. एका संस्थेचा शिल्लक पैसा दुसरीच्या गरजेला यावा म्हणून १८७२ साली त्यांनी वरची बँक काढली. सत्तरावा वाढदिवस एकोणीस दिवसांवर असताना, ११ मार्च १८८८ रोजी, ते वारले. तोवर त्यांच्या मार्गाने चालणाऱ्या संस्था चारशेहून अधिक झाल्या होत्या.

आपल्याशी त्यांचा संबंध तो पुढेच आहे. मद्रास सरकारने निकल्सन नावाच्या अधिकाऱ्याला युरोपात पाठवले. त्याने तिकडच्या पतसंस्था पाहून १८९५ साली अहवाल दिला व हिंदुस्थानात रायफायझेन यांचा मार्ग धरावा असे सांगितले. १९०४ साली कायदा झाला. एका गावच्या दहा जणांनी मिळून संस्था काढावी आणि खेड्यातील संस्थेत सर्वांची जबाबदारी अमर्याद असावी, हे त्यात सरळ रायफायझेन यांचेच होते. १९०५ साली गदगजवळ कणगिनहाळ येथे शिद्दनगौडा पाटील यांनी पतसंस्था काढली. ते गाव तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होते. आपल्या गावच्या सोसायटीचे मूळ शोधत गेले तर या वाटेने त्या थंड डोंगरातील गाईपर्यंत जाते, हे यजमानांना मी सांगितले, तेव्हा ते हसले व हे आम्हांला परीक्षेला होते म्हणाले. तीस वर्षांत घरी कधी सांगितले नाही ते नाहीच.

आमच्या त्या भगिनीने संक्रांतीपासून हप्ते पुन्हा सुरू केले आहेत व आम्हां दोघींचे भरलेले पैसेही थोडे थोडे परत येत आहेत. या महिन्याच्या वार्षिक सभेत निधी चालू ठेवावा की बंद करावा हा विषय आहे. बंद करावा असे मीच सुचवले होते, ते मी मागे घेत आहे. त्याऐवजी जामीन राहणाऱ्या दोघी कर्जदाराच्याच गल्लीतील असाव्यात व त्यांनी महिन्यातून एकदा तिच्या घरी जाऊन यावे, असा ठराव मांडणार आहे. निधीची वही सध्या माझ्याकडे आहे. कोणा भगिनीस सभेपूर्वी पाहावयाची असल्यास दुपारी तीननंतर यावे.