धर्मानंद कोसंबी : स्वतः आखलेल्या वाटेचा प्रवासी

मनुष्याने आपले आयुष्य कोणत्या नियमांनी चालवावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. वडीलधारी माणसे मार्ग दाखवितात, गुरुजन उपदेश करितात. परंतु चालावयाचे ज्याचे त्यालाच असते. आपल्याच गोमंतकात जन्मलेल्या एका पुरुषाने हा प्रश्न कसा सोडविला, ते आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. हे पुरुष म्हणजे पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी होत.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. आमच्याप्रमाणेच त्यांच्याही घरातली बोली कोंकणी व वाचनाची भाषा मराठी. त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली मराठी शिक्षणाची सोय फारच तुटपुंजी होती. शाळेतले शिक्षण थोडक्यातच आटोपले आणि घरच्या माडांच्या बागायतीची देखभाल मुलाच्या अंगावर पडली. प्रकृती अशक्त, संगतीला कोणी विद्वान नाही, आणि कोवळ्या वयातच लग्न होऊन संसार गळ्यात पडलेला. असा मुलगा पुढे पंडित होईल, असे भविष्य त्या वेळी कोणीही वर्तविले नसते. मात्र हाती येईल ते मराठी पुस्तक वाचून काढण्याची ओढ त्यांच्या ठिकाणी होती. तुकोबांच्या गाथेने त्यांच्या मनाला मोठा आधार दिला.

1897 च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात भगवान बुद्धांवरील एक लेख त्यांच्या वाचनात आला. मासिक मुलांचे, लेख लहानसा. पण वाचणाऱ्याचे सारे आयुष्य त्याने पालटले. बुद्धाचा धर्म मुळापासून समजून घ्यावयाचा, असा निश्चय त्यांनी केला. छापील पानाचे सामर्थ्य किती असते, हे अशा छोट्या मासिकांत लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

निश्चय करणे सोपे, तो पाळणे कठीण. प्रथम प्रथम धर्मानंद घराबाहेर पडले ते थोड्याच अवधीत परत आले. घरची ओढ, परक्या मुलखाची भीती आणि हातात पैसा नाही, अशी ती कोंडी होती. पण एकदा परत फिरावे लागले म्हणजे निश्चय खोटा ठरला, असे त्यांनी मानले नाही. अखेर 1899 साल सरत असताना त्यांनी पुन्हा गाव सोडले. आधी पुण्यास जाऊन ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले. संस्कृतावाचून पुढे पाऊल टाकता येणार नाही, हे ओळखून ते काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांपाशी संस्कृत शिकावे, असा त्यांचा क्रम होता. 1902 मध्ये बौद्ध धर्म सापडेल या आशेने ते नेपाळात गेले. परंतु तेथील धर्माची स्थिती पाहून त्यांची निराशा झाली. तरीही ते थांबले नाहीत. बुद्धगया व कलकत्ता या मार्गाने ते सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले व श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात जाऊनही त्यांनी अभ्यास व ध्यान केले. ज्या ग्रंथांचे नावही गावी कोणी घेत नव्हते, ते मूळ भाषेत वाचण्याची योग्यता त्यांना आली.

या प्रवासाचे कौतुक करताना एका गोष्टीकडे डोळेझाक करणे आम्हांस योग्य वाटत नाही. धर्मानंद निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि कन्या माणिक तान्ही होती. विद्येसाठी त्यांनी जी किंमत मोजली, तिचा मोठा वाटा त्या माउलीने घरी राहून भरला. चरित्रनायकाच्या थोरवीत असे पुष्कळदा हरवून जाणारे ऋण वाचकाने तरी विसरू नये. 1906 मध्ये धर्मानंद गोव्यास परतले आणि त्यांनी बाळाबाईंसह पुन्हा संसार मांडला. पुढे 1918 मध्ये अमेरिकेस जाताना माणिक व पुत्र दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले व तेथे त्यांच्या शिक्षणाची सोय केली. हेच दामोदर नंतर गणिती व इतिहासकार म्हणून जगभर ओळखले गेले.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हे चरित्र निवडले, तो सांगतो. कलकत्त्यास धर्मानंदांना पाली शिकविण्याची जागा मिळाली होती. मान होता, वेतन होते आणि ते वाढण्याचाही संभव होता. पण या विद्येचा लाभ आपल्या मराठी लोकांना व्हावा, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एक योजना त्यांच्यापुढे ठेवली. धर्मानंदांनी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे, वर्षाला एक ग्रंथ लिहून द्यावा, आणि दरमहा 50 रुपये घ्यावेत. कलकत्त्यात याहून कितीतरी अधिक मिळकत होत असताना धर्मानंदांनी हे 50 रुपये पत्करले. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने 1910 मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने प्रसिद्ध झाली. बुद्धाच्या उपदेशाची सोप्या मराठीत ओळख करून देणारे हे पुस्तक त्या धाडसाचे फळ होय.

मित्रहो, हा व्यवहार नीट पाहा. काय काम करावयाचे हे धर्मानंदांनी आधी ठरविले आणि मग त्याला पुरेल एवढाच पैसा मागितला. सामान्यतः आपण याच्या उलट करितो. आधी पैशाचा आकडा ठरवितो आणि तो जिकडे नेईल तिकडे जातो. धर्मानंद हे करू शकले, कारण काशीच्या अन्नछत्रापासून त्यांनी आपल्या गरजा थोड्या ठेविल्या होत्या. ज्याच्या गरजा थोड्या, त्याला विकत घेणे कठीण असते.

अमेरिकेतही त्यांचा हा बाणा दिसून आला. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम हेन्री वॉरन यांच्या 1899 मधील मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना 1910 मध्ये बोलाविले. परंतु श्रेयाच्या प्रश्नावर तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, तेव्हा 1912 मध्ये ते परत निघून आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे पाली शिकवून त्यांनी विद्यार्थ्यांची एक परंपराच उभी केली. मात्र मानासाठी सोडलेले काम त्यांनी कायमचे टाकले नाही. त्यासाठी एकंदर चार वेळा ते अमेरिकेस गेले. तो ग्रंथ हार्वर्डच्या मालेत 1950 मध्ये निघाला. तेव्हा धर्मानंद हयात नव्हते.

पुढे गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवासही सोसला. नंतर मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजनविहार’ उभारून त्यांनी आपली विद्या श्रमजीवी लोकांच्या दाराशी नेली. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मकथन व ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा.

धर्मानंदांच्या चरित्रातून जगण्याचे काही नियम आम्हांस दिसतात. ध्येय स्पष्ट असावे. परत फिरावे लागले तरी पुन्हा निघावे. गरजा थोड्या ठेवाव्यात. मान विकू नये, पण मानासाठी कामही बुडवू नये. जे मिळविले ते आपल्या लोकांच्या भाषेत त्यांना परत द्यावे. आणि आपल्या वाटचालीचा भार ज्यांनी उचलला, त्यांचे ऋण ओळखावे.

स्वतःच्या मनाप्रमाणे जगणे म्हणजे मनास येईल तसे वागणे नव्हे. आपले बंधन आपण निवडणे आणि ते शेवटपर्यंत पाळणे होय. कोणी घरदार सोडून देशोदेशी हिंडावे, असे आम्ही सुचवीत नाही. आज विद्या मिळविण्यासाठी अन्नछत्र शोधावे लागत नाही आणि ग्रंथ शोधीत समुद्रही ओलांडावा लागत नाही. साधने सुलभ झाली आहेत. परंतु काय शिकावे व कोणासाठी शिकावे, हे ठरविण्याचे काम साधने करीत नाहीत. ते साखवाळच्या त्या बागायतीत एका अशक्त मुलाला जसे स्वतः करावे लागले, तसेच ते आपणांपैकी प्रत्येकाला करावे लागणार आहे.