सुलतानाचा टंका

कोणी अविचाराने हुकूम काढला, की लोक त्याला ‘तुघलकी कारभार’ म्हणतात. आपल्या सोलापुरातही हा शब्द नेहमी कानावर पडतो. मुलांनो, ज्याच्या नावावरून हा शब्द रूढ झाला, तो सुलतान महंमद तुघलक अडाणी मुळीच नव्हता. फारसी भाषा, तर्कशास्त्र, गणित व वैद्यक यांत तो पारंगत होता. त्याचे अक्षरही फार सुंदर होते.

१३२५ साली तो दिल्लीच्या गादीवर बसला. पुढे १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेली. हा किल्ला तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल.

नाण्यांकडे त्याचे विशेष लक्ष असे. त्याने नाण्यांची वजने बदलली. त्यांवर चित्र नसे. सुबक अरबी अक्षरे असत. त्या काळी चांदीच्या मोठ्या नाण्याला टंका म्हणत. फौजेचा खर्च वाढला, चांदी कमी पडू लागली. तेव्हा १३२९-३० च्या सुमारास सुलतानाने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावीत, असे फर्मान सोडले. सुलतानाची आज्ञा पाळणे हे ईश्वराची आज्ञा पाळण्यासारखे आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर होता. आज आपल्या खिशातल्या रुपयातही चांदी नसते, तो पोलादाचा असतो. तरीही दुकानदार तो घेतोच ना? म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. चीनमध्ये तर त्यापूर्वीच कागदी चलन होते.

चूक वेगळीच होती. ज्याची नक्कल करता येणार नाही, अशी कोणतीही खूण त्या नाण्यावर नव्हती. तांबे-पितळ तर घरोघरी होते. मग काय, जागोजागी चोरून नाणी पाडली जाऊ लागली! लोक सरकारात सारा भरताना हीच नाणी देत आणि चांदी घरात दडवून ठेवत. शेवटी व्यापारी ती नाणी हातात घेईनात.

दोन-तीन वर्षांतच सुलतानाने ती नाणी बंद केली. पण त्याने लोकांना बुडवले नाही. त्याने नाणी परत मागवली आणि खजिन्यातून सोन्याचांदीची नाणी मोजून दिली. खजिना रिकामा होत गेला. तुघलकाबादेत तांब्याच्या नाण्यांचे डोंगराएवढे ढीग साचले. ही गोष्ट मात्र ‘तुघलकी’ म्हणणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

१३५१ साली सिंधमधील ठठ्ठ्याजवळ स्वारीवर असताना तो आजारी पडून मरण पावला. त्याची काही नाणी आजही वस्तुसंग्रहालयांत आहेत. तुम्हांला उर्दू वाचता येते. कधी तेथे गेलात, तर नाण्यावर दौलताबादचे नाव सापडते का ते पाहा.